मदत हवी आहे : फाउंड फुटेजमधला घुमारा मोबाइलवर ऐकू कसा आणायचा?

मंडळी, एका खोलीतली १२ मिनिटांची फाउंड फुटेज (पात्रांनीच शूट केलेलं, नंतर सापडलेलं फुटेज अशा थाटाची) हॉरर शॉर्ट फिल्म एडिटला आहे. आदर्श अर्थातच ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ (२००७). दिग्दर्शक ओरेन पेलीने ती स्वतःच्याच घरात सुमारे १५,००० डॉलरमध्ये उरकली. तिची खरी ताकद ट्रायपॉडवरचा रात्रीचा शॉट. कॅमेरा हलत नाही, कट होत नाही, त्यामुळे अंधाऱ्या दारावर नजर आपणच खिळवतो. दुबळी बाजू या प्रकाराची जुनीच: जिवावर बेतलं तरी हा पठ्ठ्या शूट का करतोय? ते आम्ही घरातल्या सीसीटीव्हीवर ढकललंय, चालून जाईल.

अडलंय ते आवाजावर. भूत यायच्या आधी ४० हर्ट्झचा, म्हणजे अगदी खालच्या पट्टीतला घुमारा टाकलाय. हेडफोनवर पोटात गोळा येतो, मोबाइलच्या स्पीकरवर मात्र शुकशुकाट; एवढ्याशा स्पीकरला तो झेपतच नाही. सॅच्युरेशन (आवाज मुद्दाम किंचित विकृत करणं) देऊन १२० ते २०० हर्ट्झचे हार्मोनिक्स (मूळ आवाजाच्या पटीतले वरचे सूर) काढले, तर फ्रिज घरघरल्यासारखं वाटतं.

दुसरं, फुटेज मोबाइलचं, व्हेरिएबल फ्रेम रेटचं, म्हणजे सेकंदाला फ्रेम कमीजास्त होणारं; आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलाय. ४ मिनिटांच्या सलग शॉटमध्ये शेवटी ओठ आणि आवाज जुळेनासे होतात. हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं सॉफ्टवेअर) सेकंदाला कॉन्स्टंट २५ फ्रेम करून घेतलं तर सिंक बसेल, की रेकॉर्डरचा आवाज ताणावाच लागेल?

घुमारा किती डीबी खाली ठेवता आणि हार्मोनिक्स हळूहळू चढवता की एकदम, तेही सांगा. रीशूट शक्य नाही, खोली सोडून झालीय.