रोहित (फ्लेमिंगो) आणि खार: घोटा ओळखण्याचे अनुभव लिहा

मुलांच्या प्रकल्पात चिखलातला पक्षी आणि झाडावरचा सस्तन प्राणी यांची तुलना हमखास ‘रंग, आहार, निवारा’ अशा तक्त्यात अडकते. इथे आपल्या टोपणनावाने फक्त घोट्याबद्दल लिहा. कुठून पाहिलं, काय चुकतं, ते नेमकं सांगा.

खाडीकाठ : रोहितच्या पायाच्या मध्यावर मागे वळणारा सांधा म्हणजे घोटा, गुडघा नव्हे. खरा गुडघा पोटाजवळ पिसांत झाकलेला असतो. पक्षी चालतो तो बोटांवर. ठाणे खाडीवर ऐरोलीच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूने सकाळी पाहा, ऊन पाठीशी राहतं; दुपारनंतर समोरच्या उजेडात नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. भरतीचं वेळापत्रक आधी बघा. पूर्ण ओहोटीला थवा चिखलावर लांब पांगतो, मग 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीणही अपुरी पडते. पाणी उतरायला लागल्यावरचा पहिला तास बरा. चरणारा पक्षी निवडा. पाय उचलताना सांधा स्पष्ट दुमडतो, उभ्या पक्ष्यात काही कळत नाही.

हाडं-सांधे : एका पायावर उभं राहणं ही कसरत नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेलेल्या फ्लेमिंगोचं शरीर स्नायूंच्या बळाशिवाय एका पायावर स्थिर राहिलं, दोन पायांवर नाही. पाऊल शरीराच्या बरोबर मध्याखाली आलं की वजनानेच सांधे जागीच धरले जातात. म्हणून ‘दमला की पाय बदलतो’ हे तक्त्यात बिनदिक्कत लिहू नये.

पाचपाखाडी : खारीसाठी खाडी नको, सोसायटीतला नारळ पुरे. ती डोकं खाली करून उतरते तेव्हा मागचे घोटे जवळजवळ उलटे फिरतात. तळवे खोडाला आणि नख्या वरच्या बाजूला. सगळा भार त्या नख्यांवर. मांजराचा घोटा असा फिरत नाही, म्हणून ते पाठमोरं घसरत उतरतं. (आणि मग अग्निशमन दलाला फोन!) मोबाइलवर स्लो मोशन लावा, सेकंदाला 120 फ्रेम चालतात, 240 उत्तम. खार माणसाला पाहून खोडाआड जाते, तेव्हा दोघांनी समोरासमोरच्या बाजूंना उभं राहावं, हलू नये.

खाडीकाठ : चित्रात रोहितचा आणि खारीचा घोटा एकाच रंगाने रंगवा. गुडघ्याला वेगळा रंग दिला नाही तर परीक्षक पहिल्याच नजरेत रोहितचा ‘उलटा गुडघा’ धरून बसतात.