मागचं चाक सारखं पंक्चर होतंय, कोणता टायर घेऊ? मदत हवी आहे (रविवारच्या आत)

येऊरवारी
डोकं फिरायची वेळ आली आहे म्हणून लिहितोय. तीन आठवड्यांत तीन पंक्चर, तिन्ही मागच्या चाकात. ठाण्यात उपवनवरून येऊरच्या डोंगरावर चढतो तोवर सगळं ठीक. वर पाड्याजवळ चहाला थांबलो की मागचं चाक बसलेलं. शेवटच्या वेळी वर्तकनगरपर्यंत सायकल ढकलत आणली, तीही क्लीटचे (पॅडलला अडकणारे) बूट घालून, डांबरावर टकटक करत. रिक्षावाले बघून हसत होते. पुढचं चाक ठणठणीत आहे.
रविवारी बदलापूर, बारवी धरण, मुरबाड, टोकावडे करत वैशाखरेपर्यंत जायचं ठरलंय. जमेल तिथे हायवे सोडून गावांच्या कच्च्या वाटांनी. सोबतचे तिघे माझ्यासाठी सारखे थांबणार नाहीत. चांगला टायर सुचवा, बजेट तीन हजार. दुकानात शुक्रवारीच जाता येईल, तेव्हा लवकर.

तांबडा_मुरूम
ट्यूबलेस करा: आत ट्यूब नाही, नुसता भोक बुजवणारा चिकट सीलंट. विषय संपला.

पूर्वा_खारघर
टायर सुचवण्याआधी: आता कोणता टायर आहे, किती रुंद? आत ट्यूब आहे ना? हवा किती भरता? तुमचं वजन? आणि ट्यूबला भोक कुठे पडतंय?

येऊरवारी
ग्रॅव्हल सायकल आहे (कच्च्या रस्त्यांवर चालणारी), ४० मिलिमीटरचे टायर, आत ट्यूब. वजन ८४. हवा अंगठ्याने दाबून बघतो, कडक लागली की बस. भोक कुठे म्हणजे काय, ट्यूबलाच पडतंय.

घाटवळण
अंगठ्याने!! इथेच सगळं आलं. ८४ किलोचा माणूस, कमी हवा, वर येऊरचे दगड. चाक दगडावर आपटलं की ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. गेज असलेला पंप घ्या आणि ठासून ७५ पीएसआय (हवेचा दाब) भरा. मी पाच वर्षं असाच चालवतोय.

पूर्वा_खारघर
७५ कशाला? ४० च्या टायरला ट्यूब असली तरी मागे ४५ च्या आसपास पुरे. टायरच्या कडेला कमाल आकडा छापलेला असतो, तो आधी वाचा. ७५ भरून खडीवर गेलात तर सायकल उड्या मारेल आणि उतारावर मागचं चाक कुठे जाईल सांगता येणार नाही. खारघर टेकडीवर मी हे करून कोपर सोलून घेतलंय.

घाटवळण
ताई, खारघर टेकडीचा रस्ता डांबरी आहे. ग्रॅव्हलचं आम्हाला सांगू नका.

पूर्वा_खारघर
डांबरी वरच्या गावापर्यंत. त्यापुढे पाड्यांकडे कधी गेलात तर कळेल.

हौशी_अभ्यासक
मुळात आपल्याकडे ग्रॅव्हल आहेच कुठे? हे खूळ अमेरिकेतलं. कॅन्ससमध्ये २००६ पासून दोनशे मैलांची शर्यत होते, आता तिचं नाव अनबाउंड. तिथल्या फ्लिंट हिल्समधले दगड टायर कापतात म्हणून तिकडे जाड टायरांवर एवढा खल. २०२२ पासून तर जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही आहे, पहिली इटलीत झाली. आपल्याकडे एक तर मुरूम किंवा फोडलेल्या काळ्या दगडाची खडी. मुरमावर सायकल लोण्यासारखी चालते. ताज्या खडीवर मात्र प्रत्येक तुकडा कोयत्याची धार घेऊन उभा असतो.

येऊरवारी
माहिती छान आहे पण मला टायर हवाय.

रानमोडी
एक विचारू का? येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. गावाचा रस्ता सोडून आत कच्च्या वाटेवर जाता, तर वनखात्याची परवानगी काढता का? १९७२ चा वन्यजीव कायदा सायकलवाल्यांनाही लागू आहे. बिबट्याला तुमचा टायर ४० चा की ५० चा याच्याशी घेणंदेणं नाही.

घाटवळण
आले! रात्री येऊरच्या हॉटेलांपुढे गाड्यांच्या रांगा लागतात तेव्हा कुठे असता हो? सकाळी साडेसहाला एक सायकल गेली की कायदा आठवतो.

रानमोडी
रात्रीच्या गाड्यांबद्दलही लिहिलंय मी, दुसऱ्या धाग्यावर. एक चूक आहे म्हणून दुसरी बरोबर होत नाही.

येऊरवारी
मी गावच्या रस्त्यानेच जातो. पाड्यातली माणसं त्याच रस्त्याने भाजी घेऊन खाली येतात. आत जात नाही. कृपया विषयावर या.
घाटवळणदादांचं ऐकून मित्राचा गेजवाला पंप आणला, नवी ट्यूब टाकली, ७५ भरले. चाक दगडासारखं झालंय. बघू.

निवांत_काका
बाळा, आमच्या काळी बावीस इंची सायकलवर आम्ही ठाण्याहून वज्रेश्वरीला जायचो, दोन भाऊ आणि मध्ये पितळी डबा. एकदाही पंक्चर नाही. तुमच्या सायकली महागड्या पण हलक्या काळजाच्या. आणि नाणेघाटाचा पायथा गाठताच आहात तर वर चढून जा, वैशाखरेहून दोन-अडीच तास लागतात. सातवाहनांच्या लेण्यातला शिलालेख बघा, माथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण बघा. पाणी भरपूर न्या. परत येताना मामलेदार मिसळ.

तांबडा_मुरूम
काका, परत ठाण्याला येईतोवर मिसळ बंद झालेली असेल.

येऊरवारी
अपडेट. काल रात्री अकराला गॅलरीतून ‘फट्’ असा आवाज आला. आईला वाटलं खालच्या पोरांनी दिवाळीतली उरलेली लवंगी लावली. सकाळी बघतो तर मागचं चाक बसलेलं. येऊरलासुद्धा नेली नव्हती हो सायकल! आता टायरच बदलतो, कुठला ते सांगा.

पूर्वा_खारघर
थांबा, थांबा. गॅलरीत उभ्या असलेल्या सायकलला काटा कुठून लागणार? आणि दगडावर आपटणार कशी? टायर विकत घेऊ नका. ट्यूब बाहेर काढा, थोडी हवा भरा, भोक शोधा आणि फक्त एवढं सांगा: भोक टायरच्या बाजूला आहे की रिमच्या बाजूला? म्हणजे व्हॉल्व्ह ज्या बाजूला आहे त्याच बाजूला की उलट?

येऊरवारी
व्हॉल्व्हच्याच बाजूला. छोटी चीर आहे, तिच्याभोवती वाटाण्याएवढा गोल फुगवटा. आधीच्या तीन ट्यूब कपाटावर टाकल्या होत्या, त्यापण काढल्या. सगळ्यांना तसंच!

पूर्वा_खारघर
रिम टेप. तुमचा टायर निर्दोष आहे.
रिमच्या आत स्पोकची भोकं असतात, त्यांच्यावर पट्टी असते. ती अरुंद असली किंवा सरकली की हवा भरल्यावर ट्यूब त्या भोकात फुगा होऊन शिरते आणि कडेवर कापली जाते. जितकी जास्त हवा तितकी लवकर. म्हणून ७५ भरल्यावर एक रात्रही टिकली नाही. पट्टीचा फोटो टाका.

येऊरवारी
फोटो चढत नाहीये. पातळ काळी रबरी पट्टी आहे, बोटाच्या नखाएवढी रुंद. तीन ठिकाणी बाजूला गेली आहे, भोकं अर्धी उघडी दिसतात. पुढच्या चाकात मात्र पिवळी, रुंद, घट्ट चिकटलेली आहे.

पूर्वा_खारघर
मागच्या चाकातली पिवळी कुठे गेली?

येऊरवारी
सायकल सेकंडहँड आहे, गेल्या महिन्यात घेतली. आधीचा मालक ट्यूबलेस वापरायचा. मला तो चिकट सीलंट नको होता म्हणून एका दुकानातून ट्यूब टाकून घेतल्या. मागच्या चाकाची टेप फाटली होती, दुसरी लावली असं तो म्हणाला होता.

पूर्वा_खारघर
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतं तर तुमची एक ट्यूब तरी वाचली असती!
रिमवर स्टिकर असेल, ६२२ × असं काहीतरी. दुसरा आकडा वाचा.

येऊरवारी
६२२ × २१.

पूर्वा_खारघर
२१ म्हणजे आतली रुंदी, मिलिमीटरमध्ये. टेप २१-२२ ची घ्या, कापडी चिकट मिळते ती, दोनशे-तीनशे रुपयांत काम होईल. रबरी पट्टी काढून फेका, रिम कोरड्या फडक्याने नीट पुसा, नाहीतर जुन्या सीलंटच्या पापुद्र्यावर काही चिकटणार नाही. व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करा, ताणून लावा, शेवटी चार बोटं एकावर एक येऊ द्या. व्हॉल्व्हचं भोक करताना कात्री नको, तापवलेली सुई किंवा खिळा. मग ४५ भरा आणि दोन रात्री गॅलरीत उभी ठेवा. लवंगी वाजली नाही तर निघा.

घाटवळण
४५ कमीच आहे. पण टेपचं बरोबर आहे.

सुरळीवडी
टेप मिळाली नाही तर जुनी ट्यूब लांबीने कापून लावा, आमच्या पंक्चरवाल्याची आयडिया. आणि प्रेस्टा (बारीक तोंडाचा) व्हॉल्व्ह असेल तर अडॅप्टर खिशात ठेवा. मुरबाडच्या पुढे पंक्चरवाले भेटतील, पण त्यांच्या पंपाचं तोंड मोटरसायकलचं. पन्नास रुपयांच्या पितळी तुकड्यासाठी मी टोकावड्याला दीड तास बसलो होतो, समोर भाताची झोडणी बघत.

बोरिवली_बॉय
मुंबईत एमटीबी (माउंटन बाईक) कुठे स्वस्त मिळेल?

येऊरवारी
रविवारचा रिपोर्ट. शुक्रवारी टेप लावली, दोन रात्री गॅलरी शांत. बारवीच्या जंगलातला रस्ता सकाळी सातला काय होता! सागाची पानं दवाने ओली, पाण्यावर धुकं, आणि अर्धा तास चौघांपैकी एकाच्याही तोंडातून शब्द नाही. मागचं चाक वैशाखरेपर्यंत एकदाही बसलं नाही. पूर्वाताई, पार्टी लागू.
येताना टोकावड्याच्या अलीकडे शेतातल्या वाटेवर पुढचं चाक बसलं. ट्यूब काढली. भोक बाहेरच्या बाजूला, टायरमध्ये बाभळीचा इंचभर काटा. इतकं सरळ, साधं पंक्चर बघून बरं वाटलं. अडॅप्टर घरी राहिला होता.

तांबडा_मुरूम
ट्यूबलेस असती तर काटा काढून पुढे गेला असतात. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.