हझार्ड आणि रिस्क, दोन्ही 'धोका'च?

वेलांटी: अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या अणुकचऱ्यावरचं टिपण मराठीत करायचंय. जमिनीखाली १७७ टाक्या, त्यातल्या १४९ एकेरी कवचाच्या. इंग्रजी मजकूर असा: टाक्यांवरच्या जमिनीवर पाऊस अडवणारं आच्छादन घातलं तर हझार्ड तेवढाच राहतो, रिस्क घटते. दोन्हीकडे 'धोका' लिहिलं तर वाक्य होतं, "धोका तेवढाच राहतो, धोका घटतो." काय करावं?

पानोपानी: रिस्क म्हणजे जोखीम. जोखणे म्हणजे तोलणे, मोजमाप शब्दातच आलं. हझार्डला धोका ठेवा. मिटलं.

बोरू: कसलं मिटलं? व्युत्पत्ती सोयीची आहे म्हणून खरी होत नाही. 'जोखीम अंगावर घालून प्रवास करू नका' यात जोखीम म्हणजे दागिने. म्हणजे ती वस्तूच झाली, तुमच्या हिशेबाने हझार्ड!

दगडमाती: आधी हिशेब कसा होतो ते बघा. अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेच्या रेसरॅड या संगणक प्रणालीत दूषित मातीचं क्षेत्र, थराची जाडी, दर ग्रॅमला किती किरणोत्सर्गी सक्रियता, पाऊस, भूजल आणि वितरण गुणांक (पदार्थ मातीला किती चिकटतो आणि पाण्यात किती राहतो, याचं प्रमाण) भरायचे. त्यावरून तिथेच घर बांधून, विहिरीचं पाणी पिऊन, स्वतः पिकवलेलं खाणाऱ्या काल्पनिक शेतकऱ्याला वर्षाला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा निघते. टाकीतला ऐवज तो हझार्ड, त्यातलं जे या शेतकऱ्यापर्यंत पोचतं त्यावरून रिस्क.

चुकतं ते बहुधा वितरण गुणांकात. सीझिअम १३७ हा कचऱ्यातला किरणोत्सर्गी पदार्थ (अर्धायु, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ३० वर्षं) मातीला धरून बसतं म्हणून गुणांक मोठा धरतात. पण हॅनफर्डच्या एसएक्स नावाच्या गटातल्या टाक्यांतून गळलेल्या द्रवात सोडिअम इतकं होतं की मातीच्या कणांवरची सीझिअमची जागा त्याने अडवली आणि सीझिअम खोल गेलं. आयता गुणांक ठेवला असता तर हे दिसलंच नसतं. टेक्नेशिअम ९९ हा दुसरा किरणोत्सर्गी पदार्थ तर पाण्याबरोबरच वाहतं, अर्धायु २ लाख वर्षांहून जास्त.

पानोपानी: मात्रा वैद्याची. डोस लिहा, सगळ्यांना कळतो.

बोरू: मग रिस्कही रिस्कच लिहा की! रेडिओॲक्टिव्हला 'किरणोत्सारी' तेवढं शुद्ध ठेवायचं का?

दगडमाती: किरणोत्सर्गी म्हणा नाहीतर किरणोत्सारी, आकडा बदलत नाही. रिस्कचं तसं नाही. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाची दूषित जागा वापरासाठी मोकळी करण्याची मर्यादा मात्रेत आहे, वर्षाला ०.२५ मिलिसिव्हर्ट (हे मात्रेचं एकक). तिथलीच पर्यावरण संस्था मात्र कर्करोगाची वाढीव शक्यता बघते, १० हजारांत १ ते १० लाखांत १ या पट्ट्यात. टिपणातला आकडा यातला कुठला, ते बघून शब्द घ्या.

वेलांटी: शक्यतेतला आहे. मग "धोका तेवढाच राहतो, जोखीम घटते"?

बोरू: आणि 'आच्छादन'? साधं झाकण म्हणा.

दगडमाती: झाकण टाकीला असतं. हे जमिनीवर अंथरलेलं आहे, बाजूला पाणी काढून देणारं.

पानोपानी: मग ताडपत्री?