तीन घरांत टाहो-लाफ्स (फाइल एन्क्रिप्ट करून तिचे तुकडे अनेक मशीनवर ठेवणारं सॉफ्टवेअर) सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून बसवायचंय, अडलंय

घोडबंदर_रोड: ठाणे, वाशी, खारघर, तिन्ही घरी जुने डेस्कटॉप, डेबियन १२ (लिनक्स). फोटो १८० जीबी, प्रत्येक डिस्क ५०० जीबी. वाशीच्या ३२ बिटवाल्यावर पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) क्रिप्टोग्राफी पॅकेजपाशी थांबतं. बाकी दोन चालू, पण अपलोडला 'अनहॅपिनेस' एरर. बजेट २००० रु.

वाशीकर: थोडं वाढवून दोन डिस्कवाला नॅस (नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) घ्या. सोर्सच्या भानगडीत पडूच नका.

खारघर_३५: नॅस एकाच घरात राहणार, प्रश्न तीन घरांचा आहे. एररचं कारण डिफॉल्ट आकडे: नीडेड ३ (फाइल परत मिळवायला लागणारे तुकडे), हॅपी ७ (तुकडे किमान इतक्या वेगळ्या सर्व्हरवर हवेत), टोटल १० (एकूण तुकडे). सात वेगळे सर्व्हर मिळाले नाहीत तर टाहो अपलोडच नाकारतं. टाहो.सीएफजी या सेटिंग फाइलच्या क्लायंट विभागात याच क्रमाने २-३-३ लिहा, नोड (मशीनवर चालणारं टाहो) रीस्टार्ट करा. जागा दीडपट लागेल. हॅपी २ करू नका! मग दोन तुकडे एकाच डिस्कवर बसू शकतात आणि तीच गेली तर फाइल गेली.

कळवा_नाका: आयपीएफएस (फाइल अनेक मशीनांत वाटणारी दुसरी प्रणाली) सोपं पडेल.

खारघर_३५: ते स्वतः एन्क्रिप्ट करत नाही. घरच्या फोटोंना नको.

ऐरोली_से८: वाशीच्या मशीनवर आधी एलएस-सीपीयू (प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड) चालवा. ६४ बिट दिसलं तर ६४ बिट डेबियन टाका, तयार व्हील (आधीच बांधलेली पॅकेजेस) मिळतील. नाहीतर क्रिप्टोग्राफी बांधायला रस्ट (प्रोग्रॅमिंग भाषा) लागतं, आणि डेबियन १२ मधलं १.६३ नव्या आवृत्तीला जुनं पडतं, रस्टअप या इन्स्टॉलरने नवं घ्या. बिल्ड-इसेन्शियल, पायथन३-डेव्ह, लिबएफएफआय-डेव्ह, लिबएसएसएल-डेव्ह हवंच. पिप व्हेन्वमध्येच (पायथनच्या स्वतंत्र फोल्डरात) चालवा, बाहेर डेबियन अडवतं.

नौपाडा: राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर सीजीनॅट, म्हणजे एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरमधून बाहेरच्यांना आत वाट देणं) फुकट जाईल. टेलस्केल (मशीनं खासगी नेटवर्कने जोडणारं सॉफ्टवेअर) टाका, नोड बनवताना होस्टनेमला त्याचाच आयपी द्या. इंट्रोड्यूसरलाही (नोडची एकमेकांशी ओळख करून देणारा भाग).

वाशीकर: पावसाळ्यात वीज जाते, तिन्हीकडे यूपीएस लागणार. तेवढ्यात नॅस येतो.

कळवा_नाका: २-३-३ च ठेवा. आणि रूटकॅप (मुख्य फोल्डर उघडायची किल्ली) कागदावर लिहा. ती प्रायव्हेट फोल्डरमधल्या अलायसेस फाइलमध्ये असते, ती फाइल गेली आणि कागदही नसेल तर डेटा असून उघडणार नाही.

घोडबंदर_रोड: वाशीचं मशीन ६४ बिट निघालं, टेलस्केलही टाकलं. आकडे मात्र १-२-३ ठेवतोय. जागा तिप्पट लागते, पण प्रत्येक डिस्कवर १८० जीबीच. तिन्ही चालू असताना चढवलेलं सगळं कुठलंही एक मशीन उरलं तरी मिळेल. खारघरची वीज गेली तरी अपलोड थांबणार नाही, फक्त त्या वेळच्या फाइल बाकी दोनवरच बसतील. नीडेड १ असल्यावर दोन तुकडे एका डिस्कवर बसले तरी फरक पडत नाही. पहिला अपलोड तिन्ही मशीन ठाण्यात एकाच राउटरला लावून करतो. यूपीएस घेत नाही.