लायबेरियातलं युद्ध थांबवण्याचं श्रेय कुणाचं?

धागाकर्ती : मधला थोडा खंड सोडला तर पश्चिम आफ्रिकेतला लायबेरिया १९८९ पासून यादवी युद्धात धुमसत होता. २००३च्या एप्रिलमध्ये राजधानी मन्रोव्हियातल्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात बायका पांढरे टी-शर्ट घालून, डोक्याला पांढरी फडकी बांधून बसू लागल्या. ख्रिस्ती आणि मुस्लिम एकत्र. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलरचा ताफा त्याच रस्त्याने जायचा. भर उन्हात, भर पावसातही त्या शांततेची मागणी करत बसून राहिल्या. माझ्या मते युद्ध संपवण्यात त्यांचा वाटा सैन्याइतकाच आहे.

प्रतिसाद : नाही पटलं. टेलरविरुद्ध लढणाऱ्या ‘लर्ड’ गटाच्या बंडखोरांचे तोफगोळे राजधानीत पडू लागले. ४ जूनला शेजारच्या सिएरा लिओनमधल्या युद्धगुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयाने टेलरवरचं आरोपपत्र जाहीर केलं. ऑगस्टमध्ये नायजेरियाचं सैन्य उतरलं, अमेरिकी युद्धनौका किनाऱ्याजवळ आल्या. मग ११ तारखेला त्याने खुर्ची सोडली. असला माणूस धरणं धरणाऱ्यांना भीक घालतो होय?

धागाकर्ती : टेलर का गेला हा एक प्रश्न, तह का झाला हा दुसरा. घानात अक्राला तहाच्या वाटाघाटी नुसत्या रेंगाळत होत्या. प्रतिनिधी हॉटेलात राहून पदांची वाटणी करत होते, इकडे मन्रोव्हियात माणसं मरत होती. जुलैमध्ये या बायकांच्या आंदोलनाच्या नेत्या लेमा ग्बोवी आणि सोबतच्या बायकांनी सभागृहाची दारं अडवली, हातात हात गुंफून बसल्या, आतल्या कुणालाही बाहेर पडू देईनात. पहारेकरी अटकेला आले तेव्हा ग्बोवी अंगावरचे कपडे उतरवू लागल्या. आईसमान बाईने असं मुद्दाम करणं म्हणजे बघणाऱ्याला शाप, अशी तिथली समजूत. पहारेकरी जागीच थबकले. मध्यस्थ जनरल अबुबकर यांना बाहेर येऊन बायकांशी बोलावं लागलं. त्यानंतर बोलणी गांभीर्याने होऊ लागली आणि १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या. तोफांच्या धाकाने टेलर गेला असेल, पण वाटाघाटीच्या टेबलावरून उठू पाहणाऱ्यांना बायकांनीच रोखलं.

दुसरा प्रतिसाद : धाडसाला सलाम. ग्बोवींना २०११चं शांततेचं नोबेल मिळालं तेही योग्यच. पण ज्या बायकांवर अत्याचार झाले त्यांच्या पदरात काय पडलं? प्रिन्स जॉन्सनसारखा टोळीप्रमुख सिनेटर झाला. टेलरला ५० वर्षांची शिक्षा झाली ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी, लायबेरियातल्या नाही.

धागाकर्ती : हे दुखणं खरं आहे. पण खटले न चालवण्याचा दोष त्या मैदानातल्या बायकांवर कसा येईल? तह झाल्यावरही त्या घरी गेल्या नाहीत. शस्त्रं खाली ठेवायला पोरांची समजूत घालत फिरल्या, २००५च्या निवडणुकीआधी बायकांची मतदार नोंदणी करून घेतली. एलेन जॉन्सन सर्लीफ राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्या त्या याच मतांच्या जोरावर.

पहिला प्रतिसाद : अक्राचा मुद्दा मान्य. पण नायजेरियाचं सैन्य आलं नसतं तर करार टिकला असता, असं मला अजूनही वाटत नाही.