सायुकी: चिनी दंतकथेचं नवं रूप की नावांची उसनवारी?

रानवारा
'गेन्सोमादेन सायुकी' ही जपानी अ‍ॅनिमे मालिका परत बघितली. २०००-०१ ची, ५० भागांची, काझुया मिनेकुरा यांच्या मांगावरची (म्हणजे जपानी चित्रकथेवरची). आधार 'शीयोजी' या १५९२ साली छापलेल्या, शंभर अध्यायांच्या चिनी कादंबरीचा: तांग काळातला भिक्षू भारतातून पोथ्या आणायला निघतो, सोबत माकड, डुक्कर आणि नदीतला राक्षस. सायुकीतला भिक्षू सान्झो सिगारेटी फुंकतो, दारू पितो, रिव्हॉल्वर झाडतो. पोथ्यांचं कुणाला पडलेलं नाही, चौघं निघालेत ग्यूमाओ नावाच्या राक्षसाला पुन्हा जिवंत होऊ न द्यायला.

माझं मत: नावं उचलली, गोष्ट टाकून दिली. सगळ्यात राग डुकराचा. मूळचा बाजिए खादाड, आळशी, बायकांच्या मागे लागणारा. जरा अडलं की 'सामान वाटून घ्या, मी चाललो सासुरवाडीला'. कादंबरीतला निम्मा हशा त्याचा. त्याच्या जागी एका डोळ्यावर भिंग लावणारा, अतिसभ्य हाक्काई! खादाडपणा गोकूला (इथलं माकड) दिला, बाईलवेड गोज्योला (इथला नदीतला राक्षस). वाटणी झाली, डुक्कर गेलं.

तिरकस
साफ असहमत. मूळ कादंबरी काय सोवळ्यात बसलीय? माकड बुद्धाच्या बोटाला खांब समजून त्यावर 'मी इथे येऊन गेलो' छाप मजकूर लिहितं आणि शेजारच्या बोटापाशी लघवी करतं. शेवटी तर बुद्धाचे दोन पट्टशिष्य पोथ्या द्यायला चिरीमिरी मागतात, ती मिळाली नाही म्हणून कोऱ्या पोथ्या गळ्यात मारतात. भिक्षूला आपलं भिक्षापात्र देऊन सुटका करून घ्यावी लागते. त्यापुढे सान्झोची सिगारेट म्हणजे किस झाड की पत्ती.

उगाचच
+१. आणि जीपला हसू नका. मूळ घोडासुद्धा ड्रॅगनच होता, शिक्षा म्हणून घोडा झालेला. इथे ड्रॅगनची जीप होते. वाहन बदललं, हिशेब तोच.

चष्मिस
माकडाच्या कपाळपट्टीबद्दल कुणीच बोललं नाही. कादंबरीत ती फसवून घातलेली असते. माकडाने उद्दामपणा केला की भिक्षू मंत्र म्हणतो, पट्टी आवळते, माकड गडाबडा लोळतं. सायुकीत तीच पट्टी गोकूची ताकद आवरून धरते. निघाली तर तो मित्रांनाही ओळखत नाही, समोर दिसेल त्याला फाडतो. तिथे पट्टीची भीती माकडाला, इथे पट्टी निघण्याची भीती सगळ्यांना. नुसती नावं उचलणाऱ्याला हे सुचत नाही.

लाल_डबा
मी जरा इतिहासात शिरतो. कादंबरीतला भिक्षू ज्याच्यावरून बेतला तो खरा युआन श्वांग (आपला ह्युएन त्संग) ६२९ च्या सुमारास निघाला तो सम्राटाची बंदी मोडून, सरहद्दीवरच्या चौक्या रात्री चुकवत. कादंबरीने त्याला सम्राटाचा मानलेला भाऊ करून थाटात निरोप दिला आणि वाटेत ऊठसूट रडवलं. कुणाला न जुमानणारा सान्झो त्या खऱ्या माणसाच्या जास्त जवळचा आहे.

रानवारा
@लाल_डबा, बंदी मोडली ती कशासाठी? वाळवंटात पाण्याची पखाल सांडली तरी पूर्वेला परत फिरायचं नाही असा पण केलेला माणूस तो. ६४५ साली परतला ते ६५७ ग्रंथ घेऊन, मग मरेपर्यंत भाषांतरं करत बसला. सान्झोच्या खांद्यावर जे सूत्र आहे ते शत्रूवर सोडायचं अस्त्र. पोथीची तोफ केली की तो प्रवास उरतो कुठे? शिवाय ५० भाग संपले तरी गाडी भारतात पोहोचतच नाही! निम्मी मालिका होमुरा नावाच्या युद्धदेवाच्या कथानकात गेली, ते तर मांगातही नाही.

घाटपायथा
अवांतर: हा भिक्षू चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या काळात आपल्याकडेही येऊन गेला. इथले लोक उपकार विसरत नाहीत, अपमान झाला तर जिवावर उदार होऊन सूड घेतात, आणि लढाईआधी हत्तींनाही दारू पाजतात, असं लिहून ठेवलंय त्याने. सान्झोला इथे करमलं असतं. बाकी चालू द्या.

तिरकस
हाहा. @रानवारा, तुमच्या डुकराकडे येतो. बाजिए मूळचा स्वर्गातला सेनापती, हकालपट्टीनंतर चुकून डुकरिणीच्या पोटी जन्मला. हाक्काई मूळचा माणूस, प्रेयसीच्या सुडापायी हजार राक्षस मारून स्वतःच राक्षस झालेला. दोघेही आपलं नसलेलं शरीर घेऊन फिरतात. डुक्कर गेलं नाही, त्याची सोंड तेवढी काढली.

रानवारा
बाजिएचं दुःख सांगतानाही कादंबरी हसवते. हाक्काईच्या भूतकाळाचे भाग लागले की पाऊस, रक्त आणि व्हायोलिन. तुम्हाला त्यात डुक्कर दिसतंय, तर बघा बापडे.