सरावात ४.६०, स्पर्धेत फाऊल: मुलीचा आत्मविश्वास परत कसा आणायचा?

शहादा, क्रीडाशिक्षक
१७ वर्षांखालील मुलगी, लांब उडी. सरावात ४.६० मीटर सहज निघते. तालुक्याला पहिल्या दोन उड्या फाऊल (उडीच्या लाकडी फळीपुढे पाय पडून बाद), तिसरी जपून मारली तर ४.०५. आता सरावातही उडीची रेघ जवळ आली की पावलं बारीक करते आणि म्हणते, "सर, माझ्याच्यानं नाही होणार." जिल्हा पाच आठवड्यांवर आहे. समजावून झालं, रागावूनही झालं.

तापीकाठ
सर, समजावणं थोडं बाजूला ठेवा आणि टेप काढा. असे फाऊल बहुतेक रनअपमधून (उडीआधीच्या धावेतून) येतात, भीती मागाहून चिकटते.

पिटपासून (वाळूच्या खड्ड्यापासून) लांब, मोकळ्या पट्टीवर १४ पावलांचा रनअप आठ वेळा पळवा. सम संख्या असेल तर उडीचा पाय सुरुवातीच्या खुणेवर पुढे हवा. चौदावं पाऊल जिथे पडेल तिथे कुणीतरी दर वेळी खडा ठेवायचा. आठही खडे २०-२५ सेंमीत आले तर रनअप पक्का, नुसती खूण सरकवून भागेल. अर्धा मीटर फाकले तर खूण सरकवून काही होणार नाही. पहिली चार पावलं दर वेळी वेगळी पडताहेत. चालत येऊन सुरुवात करत असेल तर ती बंद, उभ्यानेच निघू द्या. चौथ्या पावलालाही खूण करा. स्पर्धेच्या जोशात नेमकी हीच पावलं लांबतात आणि तो फरक शेवटी फळीवर फुटतो.

ते खडे तिला स्वतः मोजू द्या. "तुला जमतं" हे तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिने जमिनीवर पाहिलेलं जास्त टिकतं.

स्पर्धेत वारा पाठीमागून असेल तर खूण १५-३० सेंमी मागे घ्या, समोरून असेल तर तेवढी पुढे. पट्टीच्या कडेला दोन खुणा ठेवता येतात, पण पट्टीवर खडूची रेघ चालत नाही. चिकटपट्टी सोबत न्या.

धुळेकर अ‍ॅथलेटिक्स
वरचं अगदी बरोबर. एक हिशेब तिच्या डोक्यात पक्का बसवा: उडी पायापासून नाही, फळीच्या पिटकडच्या कडेपासून मोजतात. १५ सेंमी मागून उडाली तर १५ सेंमीच जातात, फाऊलमध्ये सगळी उडी जाते. म्हणून पहिली उडी मुद्दाम १०-१५ सेंमी मागून, पण पूर्ण वेगात. पांढरा झेंडा (उडी वैध) दिसला की पुढच्या उड्या मोकळ्या होतात. जपून मारलेल्या उडीत शेवटच्या तीन पावलांत वेग मरतो, ४.०५ तिथूनच आले.

आठवड्यातून एकदा लुटुपुटुची स्पर्धा घ्या. छातीवर नंबर, नाव पुकारणं, हातात झेंडे, कडेला आठवीची पोरं आरडाओरडा करायला. तीनच उड्या, मध्ये दहा मिनिटं बसून वाट पाहायची. एका मिनिटात सुरुवात झालीच पाहिजे. सरावात पाठोपाठ पंधरा उड्या मारणाऱ्या मुलीला ती दहा मिनिटंच खातात. त्या वेळात काय करायचं तेही ठरवून द्या: स्वेटर अंगावर, सात मिनिटं बसणं, मग दोन छोट्या धावा, तीन सावकाश उच्छ्वास. छाती धडधडते ती शरीर तयार होतंय म्हणून, हे आधीच सांगून ठेवा.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं: स्वतः करून दाखवलेलं काम हा विश्वासाचा सगळ्यात भक्कम आधार, दुसऱ्याचे शब्द त्यापुढे कमी पडतात. म्हणून वही ठेवा: तारीख, वारा, खुणेचं अंतर, उडी, फाऊल किती सेंमीने.

सातपुडा
पिट पाहिलंत का? पावसानंतर वाळू दगडासारखी बसते. टाच आपटली की पोरी फळीवरच अंग चोरतात आणि आपण त्याला आत्मविश्वास नाही म्हणतो. दर सरावाआधी फावड्याने फूटभर खोल उकरा.

काळ्या मातीत अनवाणी सराव आणि जिल्ह्याला सिंथेटिक ट्रॅकवर नवे स्पाइक्स (खिळ्यांचे बूट), हे करू नका. पाऊल लांबतं, खूण चुकते. स्पाइक्स निदान पाच-सहा सत्रं आधी घालू द्या.

शहादा, क्रीडाशिक्षक
आमच्याकडे फळीच नाही, चुन्याची रेघ मारतो.

तापीकाठ
मग तेच आधी बदला. चौथ्या-पाचव्या उडीला रेघ पुसली जाते, मुलगी अंदाजाने पाय टाकते. सुताराकडून १.२२ मीटर लांब, २० सेंमी रुंद फळी करून घ्या, पांढरा रंग द्या आणि मातीच्या अगदी सपाटीला पुरा. पाऊस झाला की शेजारची माती खचून कड वर येते, तिथे घोटा मुरगळतो. दर सोमवारी मुरूम भरून ठोकून घ्या.